कुणाची वीज आधी तोडायची?

नाशिकच्या एका वाचकांनी असा प्रश्न धाडलाय की त्याला हात घालायलाच हवा. भारनियमन करताना कोणता फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी कोणती वीजवाहिनी, बंद करायचा आणि कोणता चालू ठेवायचा, हे ठरतं कशावर?

ठरतं यादीवर. रुग्णालयं, पाणीपुरवठा अशा अत्यावश्यक जागांचे फीडर शक्यतो वगळायचे. कागद साधा आहे, पण एकमेकींवर विसंबलेल्या यंत्रणा कुठे कच्च्या आहेत हे शोधायचं तर मी सगळ्यात आधी हीच यादी पाहीन.

१५ फेब्रुवारी २०२१, टेक्सास. मध्यरात्र उलटून गेलेली, कडाक्याची थंडी, आणि वीजनिर्मितीचे संच एकापाठोपाठ एक बंद पडताहेत. तिथल्या विजेची वारंवारिता एरवी ६० हर्ट्‌झ; निर्मिती कमी पडली की ती घसरते. ती ५९.४ च्या खाली घसरली आणि ४ मिनिटं २३ सेकंद खालीच राहिली. ९ मिनिटं राहिली असती, तर उरलेले संचही आपापल्या बचावासाठी ग्रिडमधून सुटू लागले असते. नियंत्रण कक्षाने भराभर भार उतरवायला लावला. पुढे तो आकडा २०,००० मेगावॅटवर गेला. दुसरा इलाजच नव्हता.

घोळ झाला तो यादीत. बंद केलेल्या काही फीडरांवर गॅसच्या विहिरी होत्या, गॅस शुद्ध करणारे कारखाने होते, गॅस पुढे ढकलणारे कॉम्प्रेसर होते. यातल्या बहुतेकांनी ‘आम्ही अत्यावश्यक’ असा अर्जच वीज कंपनीकडे भरलेला नव्हता. कॉम्प्रेसर पूर्वी पाइपातल्याच गॅसवर चालत. कालांतराने बऱ्याच ठिकाणी विजेच्या मोटारी आल्या. मोटार थांबली की गॅसचा दाब पडतो, गॅसवरचं वीजकेंद्र हात आखडतं आणि तुटवडा वाढतो. विहिरी गोठल्या हे गॅस आटण्याचं मोठं कारण होतंच; पण वीज तोडल्याने त्यात भर पडली. काही गॅसवाल्यांनी तर ‘आणीबाणीत आमची वीज खुशाल तोडा’ या योजनेत मोबदला घेऊन नाव नोंदवलं होतं! एरवी हा व्यवहार दोघांच्याही सोयीचा. वीज कंपनीच्या लेखी गॅसवाला म्हणजे एक मोठा ग्राहक, गॅसवाल्यांच्या लेखी वीज म्हणजे एक बिल. दोन्ही खाती एकत्र मांडून पाहणं कुणाच्याच कामात बसत नव्हतं. त्या थंडीत सरकारी मोजणीप्रमाणे २४६ माणसं गेली. पाण्याच्या यंत्रणाही ढासळल्या आणि १ कोटी ४० लाखांहून अधिक लोकांना पाणी उकळून प्यायला सांगावं लागलं.

त्याच वर्षी टेक्सासने कायदा करून गॅस आणि विजेच्या साखळीचा एकत्र नकाशा काढायला समिती नेमली. असा नकाशा जिल्ह्याजिल्ह्यात हवा, असं माझं ठाम मत आहे. सुरुवात पाण्यापासून करू. तुमच्या गावच्या नळयोजनेचा पंप कोणत्या फीडरवर आहे आणि त्याच फीडरवर आणखी कोण आहे, हे वायरमनला विचारून मला कळवा.