फोनचं अ‍ॅप मोठ्या पडद्यावर

टॅबलेटवर काही अ‍ॅप ओढूनताणून पसरल्यासारखी दिसतात, तर काही दोन स्तंभांत नीट बसतात. असं का होतं?

अँड्रॉइडमध्ये मांडणी ‘डीपी’ या एककात मोजतात. इंचाला 160 पिक्सेल असलेल्या पडद्यावर 1 डीपी म्हणजे 1 पिक्सेल. 320 असतील तर 2. त्यामुळे बटण दोन्हीकडे जवळपास सारख्याच आकाराचं दिसतं. पडद्याची लहान बाजू 600 डीपी किंवा जास्त भरली, की तो साधारणपणे टॅबलेट धरतात. तिथे अ‍ॅपकर्त्याने वेगळी मांडणी दिली असेल, म्हणजे डावीकडे ईमेलची यादी आणि उजवीकडे मजकूर, तर ती उघडते. नसेल, तर फोनचीच मांडणी ताणली जाते.

क्रोमबुक या प्रकारच्या लॅपटॉपची गोष्ट आणखी वेगळी. तिथली क्रोमओएस ही कार्यप्रणाली म्हणजे अँड्रॉइड नव्हे. म्हणून 2016 पासून तिच्या आत अँड्रॉइडचा बंदिस्त कप्पा चालवून त्यात फोनची अ‍ॅप उघडण्याची सोय आली. मात्र कीबोर्डचे शॉर्टकट, खिडकीचा बदलता आकार यांची तयारी अ‍ॅपमध्येच असावी लागते.

अभ्यासासाठी टॅबलेट वापरणाऱ्या मुलांना मोठ्या पडद्याचा खरा लाभ मिळायचा असेल, तर अ‍ॅपकर्त्यांनी ही मेहनत घ्यायलाच हवी.