चालू प्रोसेसची विचारपूस

कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळावर काहील उकळत असतानाच गुळव्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून बघतो. आच विझवून तपासायची सोय नसते. संगणकावर चालू असलेल्या प्रोसेसची तपासणीही अशीच, काम न थांबवता करावी लागते. कोण किती मेमरी खातंय, प्रोसेसरचा किती वेळ घेतंय, हे ‘पीएस’ आणि ‘टॉप’ या कमांड सांगतात. त्यांच्यामागे राबणारी लायब्ररी सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

जुन्या युनिक्सवर पीएस थेट कर्नलची मेमरी चाळायची. त्यासाठी विशेष अधिकार लागत, आणि कर्नलची आतली रचना बदलली की तिचे आकडे चुकत. १९८४ मध्ये बेल लॅब्जच्या टॉम किलियन यांनी वेगळी कल्पना मांडली: प्रत्येक प्रोसेस ही एक फाइल समजा आणि फाइलीसारखीच वाचा. तीच ‘प्रॉक’ फाइल सिस्टिम. पुढे लिनक्सवर प्रत्येक प्रोसेसच्या क्रमांकाची डिरेक्टरी आली. तिच्यातल्या ‘स्टेटस’ किंवा ‘मॅप्स’ या फाइली डिस्कवर नसतातच. वाचायला गेलं की कर्नल त्या क्षणी मजकूर तयार करून देतो.

साधा मजकूर असला तरी वाचणाऱ्याची परीक्षा असते. ‘स्टॅट’ फाइलीत सगळे आकडे एका ओळीत, स्पेस देऊन लिहिलेले असतात आणि प्रोग्रामचं नाव कंसात. नावातच स्पेस किंवा कंस असला तर पुढचे सगळे रकाने सरकतात. म्हणून जाणकार शेवटचा कंस शोधून तिथून पुढे मोजतात. शिवाय या नावाला जागा फक्त १५ बाइटची. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. प्रोग्रामचं नाव ‘कोल्हापूर’ ठेवलं तर ‘कोल्ह’ एवढंच उरतं. त्याआधी एखादं इंग्रजी अक्षर जोडलं, तर ‘ह’ मधोमध तुटतो. नाव म्हणजे शुद्ध मजकूरच असेल, हे लायब्ररीला गृहीत धरता येत नाही.

खरी गोची क्रमांकांची. प्रोसेस संपली की तिचा क्रमांक पुढेमागे दुसरीला मिळतो. नुसत्या क्रमांकावर विसंबलं, तर मारायची एक आणि मरते दुसरीच. जिआम्पाओलो रोदोला यांची ‘पीएसयूटिल’ ही पायथन लायब्ररी म्हणून क्रमांकासोबत सुरू झाल्याची वेळही जपते आणि मारण्याआधी दोन्ही पडताळते. लिनक्सने २०१९ मध्ये ‘पीआयडीएफडी’ आणून ही सोय कर्नलमध्येच केली.

वाचता वाचता प्रोसेस संपू शकते किंवा परवानगी नाकारली जाऊ शकते. दोन्ही वेळी शून्य छापणं सोपं असतं, पण ते खोटं ठरतं. ‘शून्य’, ‘संपली’ आणि ‘परवानगी नाही’ ही तीन वेगळी उत्तरं आहेत. ती वेगळी ठेवणारी लायब्ररीच भरवशाची. रात्री सर्व्हर अडकल्यावर कुठली प्रोसेस बंद करायची, हा निर्णय याच उत्तरांवर घेतला जातो.