विक्रीच्या आलेखात बाण कसा काढायचा? एक्सेलमधल्या बाणाच्या सेटिंग्ज

मागच्या व्हिडिओत आपण महिन्याच्या विक्रीचा लाइन चार्ट काढला. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, चार्टमध्ये बाण कसा टाकायचा? आमचा बाण हलतो, तिसरीकडेच जातो." आज तेच बघू.

आधी बाण हवाच कशाला? समजा, घोडेगावच्या कांदा मार्केटजवळ तुमचं बारदानाचं दुकान आहे. निर्यातीचा माल भरायला लागणाऱ्या जाळीच्या गोण्या हा तुमचा मुख्य धंदा. नोव्हेंबर 2023 मध्ये विक्री 4 लाख, डिसेंबरमध्ये अडीच लाख. आता तुम्ही कॅश क्रेडिट वाढवून घ्यायला बँकेत गेलात. साहेबांना कागदावर फक्त खाली गेलेली रेघ दिसते. त्यांच्या डोक्यात एकच येणार, याचं दुकान बसलं! पण 8 डिसेंबर 2023 पासून केंद्राने कांदा निर्यात बंद केली होती, हे त्या रेघेत कुठंच लिहिलेलं नाही. ते सांगायचं काम बाणाचं.

साधी पद्धत आधी. चार्टवर एकदा क्लिक करा, तो सिलेक्ट झाला पाहिजे. मग इन्सर्ट, शेप्स, आणि लाइन्समधला ॲरो. चार्ट सिलेक्ट न करता काढलेला बाण शीटवर बसतो. चार्ट सरकवला की बाण तिथंच, आणि वर्डमध्ये चार्ट पेस्ट केला की बाण गायब. निम्म्या तक्रारी इथंच मिटतात.

आता बाणावर राइट क्लिक करून फॉरमॅट शेप उघडा. लाइनच्या खाली बिगिन ॲरो टाइप आणि एंड ॲरो टाइप दिसेल. भरीव टोक, उघडं टोक, निमुळतं टोक, चौकट, गोल असे प्रकार आहेत. एका तारखेकडे बोट दाखवायचं तर शेवटी साधं भरीव टोक, जाडी दीड पॉइंट. बस्स. काळ दाखवायचा असेल, म्हणजे निर्यातबंदी 8 डिसेंबर 2023 ते 4 मे 2024, तर आडवा बाण आणि दोन्हीकडे टोक. काढताना शिफ्ट दाबून ठेवा, रेघ सरळ राहते. पुढच्या सीझनचा अंदाज असेल तर डॅश टाइपमधून तुटक रेघ घ्या, कारण अंदाज आणि झालेली विक्री एकसारखी दिसता कामा नये. लाल-हिरव्यावर भरवसा ठेवू नका. फाइलला लागते ती झेरॉक्स, आणि झेरॉक्समध्ये सगळे रंग काळेच. ते जाडजूड ब्लॉक ॲरो मात्र सेलच्या बॅनरला ठेवा.

पण ही पद्धत एका ठिकाणी अडते. पुढचे महिने भरले की रेघ डावीकडे सरकते आणि हाताने काढलेला बाण जुन्याच जागी राहतो. दर महिन्याला चार्ट अपडेट करणाऱ्यांनी बाण आकड्यालाच बांधायचा. त्यासाठी विक्रीच्या शेजारी एक जादा कॉलम घ्या. सगळे सेल रिकामे, फक्त डिसेंबर 2023 समोर 4 लिहा (आकडे लाखात). चार्टचा प्रकार लाइन विथ मार्कर्स ठेवा, म्हणजे तो एकटा ठिपका दिसेल. ठिपका निवडून अधिकच्या चिन्हातून एरर बार्स, मोअर ऑप्शन्स. दिशा मायनस, एंड स्टाइल नो कॅप, फिक्स्ड व्हॅल्यू 1.3. म्हणजे रेघ 4 वरून 2.7 पर्यंत उतरते, विक्रीच्या बिंदूच्या जरा वर थांबते. त्याच रेघेच्या सेटिंगमध्ये एंड ॲरो टाइप द्या. टोक उलट्या बाजूला आलं तर बिगिनला द्या. ठिपक्याला डेटा लेबल लावून त्यात "निर्यातबंदी, 8 डिसेंबर 2023" लिहा, आणि शेवटी मार्कर नन करा. आता कितीही महिने भरा, बाण डिसेंबर सोडत नाही. ही युक्ती मला तरी सगळ्यात कामाची वाटते.

एक सांभाळा. बाण काढला म्हणजे तुम्ही "यामुळे हे झालं" असं लिहून दिलं. 19 ऑगस्ट 2023 ला कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लागलं होतं. तुमची विक्री सप्टेंबरपासूनच उतरत असेल, तर सगळं खापर डिसेंबरच्या बाणावर फोडता येणार नाही. ऑगस्टलाही बाण द्या. आणि बंदी उठल्यावर, मे 2024 नंतरही विक्री वर आली नसेल, तर साहेब तेच विचारणार. तेव्हाही 40 टक्के शुल्क आणि टनाला 550 डॉलर किमान निर्यात दर होताच. सप्टेंबर 2024 मध्ये किमान दर गेला, शुल्क 20 टक्क्यांवर आलं, आणि 1 एप्रिल 2025 पासून शुल्क पूर्ण गेलं. पण एका चार्टवर तीनपेक्षा जास्त बाण नकोत. बाकी तारखा खाली दोन ओळीत लिहा.

प्रिंट काढल्यावर कागद हातभर लांब धरून बघा. टोक दिसत नसेल तर एंड ॲरो साइज एक घर वाढवा, जाडी तीच ठेवा.