तबकडीची रुजवात

संगीत ऐकणे म्हणजे विसावा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु एखाद्या गायिकेच्या मागे वर्षानुवर्षे राहिलेली, तिच्या प्रत्येक वळणाचा दाखला मुखोद्गत असलेली माणसे तिची नवी ध्वनिमुद्रिका एकत्र बसून ऐकू लागतात, तेव्हा तेथे जे चालते त्याला विसावा म्हणणे कठीण आहे. त्यात जबान्या असतात, हरकती असतात, जुन्या पुराव्यांची फेरतपासणी असते, आणि निकाल मात्र बहुधा तहकूब राहतो. कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो शहरी, माझ्या भाचीच्या बिऱ्हाडी, अशी एक बैठक मला आरंभापासून अखेरपर्यंत न्याहाळता आली.

गायिकेचे नाव चेल्सी वुल्फ. सॅक्रामेंटोच्या लगतच्या रोझव्हिल येथे १९८३ साली तिचा जन्म झाला, आणि म्हणून या भागातील श्रोते तिच्याविषयी बोलताना आपल्या गावच्या मुलीविषयी बोलावे तशी किंचित मालकी दाखवतात. वडील कंट्री संगीत वाजवणारे, घरातच ध्वनिमुद्रणाची सोय. त्यामुळे मुलीने गिटार हाती धरली यात नवल नाही. पण त्या गिटारीतून पुढे जे निघाले त्याला कोणत्या सदरात टाकावे, याचा उलगडा पहिल्या तबकडीपासून आजवर झालेला नाही. लोकगीताची साधी चाल, डूम मेटलचा जडशीळ ठेका, कारखान्याच्या खडखडाटाशी नाते सांगणारा इंडस्ट्रियल ध्वनी, गॉथ परंपरेतील विषण्णता आणि यंत्रनिर्मित सिंथचे सूर, ही सर्व मंडळी तिच्या गाण्यात एकाच वेळी नांदतात, आणि वरून एक उंच, पातळ, काहीसा दूरस्थ आवाज फिरत असतो.

त्या दिवशी मांडली होती ती ९ फेब्रुवारी २०२४ रोजी प्रसिद्ध झालेली दहा गाण्यांची मुद्रिका, ‘शी रीचेस आउट टू शी रीचेस आउट टू शी’. हे लांबलचक शीर्षक ऐकून मी हसलो, तेव्हा भाचीने गंभीरपणे खुलासा केला, की कालची ती आजच्या तिच्याकडे आणि आजची ती उद्याच्या तिच्याकडे हात पुढे करीत आहे, असा अर्थ खुद्द गायिकेनेच सांगितला आहे. “आणि मामा, पहिल्या फेरीत अवाक्षर काढायचं नाही हं,” असेही तिने बजावले.

पहिल्या फेरीचा हा दंडक फार काटेकोरपणे पाळला गेला. मंडळींपैकी एका प्रौढ बाईने तबकडी केवळ कडांनी धरून वेष्टनातून काढली, ती फिरत असताना बारीक तंतूंच्या ब्रशाने तिच्यावरची धूळ टिपली, आणि सुईचा दांडा तरफेने इतका सावकाश उतरवला, की सुई खाचेला टेकल्याचा ध्वनीही धड उमटला नाही. मग कुजबुजीएवढा आवाज कानाशी आला, त्याखाली तुटक यांत्रिक ठोके. आणि गाणे अखेरीकडे झुकत असता गिटारींचा लोंढा एकदम कोसळला. त्या क्षणी माझ्यासमोर बसलेल्या, मेटलचा कट्टर पक्षपाती असलेल्या तरुणाने गुडघ्यावरची दोन बोटे तेवढी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. त्याची हरकत नोंदली गेली असावी, की त्याचा दावा मान्य झाला असावा, हे मला तेव्हा कळले नाही. कोपऱ्यातील एक मुलगी, जी स्वतः ड्रम वाजवते, डोळे मिटून होती. तिची उजवी टाच मात्र जमिनीवर अखंड काम करीत होती. कोणी टिपणे काढीत होते, पण कोणी कोणाच्या कागदात डोकावत नव्हते.

खरे काम दुसऱ्या फेरीत सुरू झाले. आता सुई केव्हाही उचलण्याची मुभा होती, आणि ती मुभा मनसोक्त वापरली गेली. पहिला प्रश्न ड्रमवाल्या मुलीने टाकला: हे ठोके माणसाचे की यंत्राचे? ‘हाउस ऑफ सेल्फ-अनडूइंग’ या दुसऱ्या गाण्यातील धावता ताल जेस गाउरीच्या हातांचा आहे, याविषयी तिला शंका नव्हती. तेथे तिने झांजेच्या एका आघाताकडे बोट दाखवले, जो मागल्यापेक्षा किंचित हलका पडला होता, आणि “यंत्र असं थकत नाही,” असे म्हटले. सहाव्या गाण्यात, ‘आइज लाइक नाइटशेड’मध्ये, मात्र तालाचे तुकडे करून ते विसकटून पुन्हा जोडल्यासारखे वाटतात. हात कोठे संपला आणि यंत्र कोठे सुरू झाले, याचा शोध घेण्यात त्यांचा बराच वेळ गेला, आणि एरवी रटाळ वाटावी अशी ही छाननी मी मोठ्या औत्सुक्याने ऐकत राहिलो. गायिका आणि तिचे जुने साथीदार, गाउरी, बेन चिझम आणि गिटारवादक ब्रायन तुलाओ, यांनी रचलेले मूळ आराखडे निर्माता डेव्ह सायटेक याने मोडून नव्याने उभारले, ही माहिती तेथे सर्वांनाच होती. त्यांना हवे होते ते मोडतोडीचे सांधे कानाने सापडणे.

मग तो अटळ वाद उपस्थित झाला, की हे मेटल राहिले आहे काय. मेटलपक्षाचे म्हणणे असे, की २०१७ च्या ‘हिस स्पन’मध्ये, जी मॅसॅच्युसेट्समधील सेलम येथे कर्ट बॅलूच्या हाताखाली मुद्रित झाली, गिटार ही तटबंदी होती; आणि २०२१ साली कॉन्व्हर्ज या वाद्यवृंदाबरोबर ‘ब्लडमून: वन’ करणारी गायिका आता सिंथच्या आणि ट्रिप-हॉपच्या आहारी गेली आहे. ‘सॉल्ट’ची संथ चाल ऐकताना कोणीतरी ब्रिस्टलच्या पोर्टिसहेडचे नाव घेतले आणि आरोपपत्र पुरे झाले. यावर प्रतिपक्षाने वाद घातला नाही. एक सडपातळ गृहस्थ उठला, कपाटातून २०१३ ची ‘पेन इज ब्यूटी’ काढली, आणि नव्या मुद्रिकेच्या जागी ती चढवली. अकरा वर्षांपूर्वीही हेच सिंथ, हाच यांत्रिक ठेका. त्याच्या मते नवी वाट धरलेलीच नव्हती, जुनी पुन्हा उघडली होती. अशी रुजवात घडल्यावर मेटलपक्षाने हार पत्करली नाही, परंतु आपल्या तक्रारीचा मसुदा मात्र बदलला: गिटार कमी झाली असे न म्हणता, ती मागे ढकलली गेली, असे तो म्हणू लागला. ही दुरुस्ती मला महत्त्वाची वाटली, कारण पहिली तक्रार वर्गवारीची होती आणि दुसरी ऐकण्याची.

आपल्याकडे घराण्यांच्या नावाने जे वाद झाले त्यांची येथे आठवण होणे साहजिक होते. कुमार गंधर्वांचा ‘अनूपरागविलास’ १९६५ साली प्रसिद्ध झाला, त्यांचे धुनउगम राग मैफलींतून ऐकू येऊ लागले, तेव्हा हे राग मानावेत की नाहीत, यावर पुण्यामुंबईकडे रसिकांनी रात्री जागवल्या. आणि त्या रात्रींत ज्यांनी केवळ शास्त्राधार काढले त्यांच्यापेक्षा ज्यांनी बंदिशी पुन्हापुन्हा ऐकल्या त्यांच्या हाती अधिक काही लागले, असे माझे जुने मत आहे. सॅक्रामेंटोच्या बैठकीने ते पक्केच केले.

सर्वांत सखोल चर्चा झाली ती आवाजाविषयी. तबकडी मांडणारी प्रौढ बाई आरंभीच्या काळापासूनची श्रोती. रंगमंचाच्या भयाने काळ्या जाळीच्या बुरख्याआड उभी राहून गाणारी वुल्फ तिला आठवत होती. तिचे म्हणणे असे, की पुढे बुरखा उतरला तरी आवाजावरचा पडदा राहिला होता. २०१५ च्या ‘अबिस’मध्ये, जिचे मूळ झोपेतून जाग येऊनही शरीर हलू नये अशा व्याधीच्या अनुभवात आहे, शब्द एखाद्या खोल विहिरीतून आल्यासारखे घुमतात. नव्या मुद्रिकेत तोच आवाज कोरडा, जवळचा, श्वासासकट पुढे ठेवलेला आहे. हे पडताळण्यासाठी दोन्ही तबकड्या आलटून पालटून लावल्या गेल्या, आणि प्रत्येक वेळी ती बाई ध्वनीची पातळी काळजीपूर्वक सारखी करीत होती. कारण जी मुद्रिका जराही मोठ्याने वाजते ती उगाचच सरस भासते, ही कानाची लबाडी तिला ठाऊक होती. मुद्रिकेवरील श्रेयनामावली वाचून शॉन एव्हरेट याने केलेल्या ध्वनिमिश्रणाकडे आणि हेबा कादरी हिच्या मास्टरिंगकडे तिने लक्ष वेधले. गायिकेचा आवाज उघडा पडला तो केवळ तिच्या धैर्याने नव्हे, त्यामागे काही तंत्रज्ञांचे हातही आहेत, हे चाहत्यांना सहसा मान्य नसते. येथे ते बिनतक्रार मान्य झाले.

गायिकेच्या खाजगी आयुष्याचा विषय निघाला, पण फार लांबला नाही. २०२१ साली तिने मद्य सोडले, हे तिनेच सांगितलेले आहे. तेवढ्या आधारावर एकाने ‘एव्हरीथिंग टर्न्स ब्लू’पासून अखेरपर्यंत सगळ्या ताटातुटी बाटलीशीच जोडून टाकल्या, तेव्हा भाचीने त्याला थांबवले. तिने केले ते योग्यच. एक दाखला मिळाला म्हणून सगळे दफ्तर त्याच्याच नावे करणे हा रसिकतेचा आळस होय.

शेवटचे गाणे ‘डस्क’. या मुद्रिकेतील हेच सर्वांत आधी, २०२३ च्या सप्टेंबरात, सुटे प्रसिद्ध झाले होते आणि मंडळींना ते पाठ होते. तथापि ‘प्लेस इन द सन’सारख्या निवांत गाण्यानंतर ते आले, तेव्हा त्याचा भार निराळा वाटला: सुटे ऐकताना जी आरंभीची हाक भासली होती, ती आता नऊ गाण्यांचा हिशेब चुकता करणारी सही झाली. यावर मतभेद झाले नाहीत. मेटलपक्षाच्या तरुणाने त्यातील गिटारीसाठी सुई आणखी एकदा मागे नेण्याची विनंती केली, आणि ती मंजूर झाली.

माझे स्वतःचे मत विचाराल तर, गिटार मागे गेल्याची त्याची तक्रार मधल्या दोनतीन गाण्यांपुरती खरी आहे. तेथे ठेका इतका एकसुरी होतो, की आवाजाच्या जवळिकीवरच सगळी भिस्त पडते. परंतु पहिले गाणे, दुसरे आणि शेवटची दोन ही तिच्या कोणत्याही जुन्या कामाच्या पंक्तीस बसतील. वाचकांपैकी ज्यांना हा काळोखा प्रांत अपरिचित असेल त्यांनी २०१२ च्या ‘अननोन रूम्स’पासून आरंभ करावा, कारण तेथे वाद्ये थोडी आणि चाल उघडी आहे, मग ‘अबिस’ ऐकावी, आणि त्यानंतर ही नवी. निदान दोन वेळा ऐकावी, आणि पहिल्या वेळी कोणाशी बोलू नये.