कोयनेच्या वेळच्या चपला

दर शनिवारी रात्री मी आईला फोन करायचे. इथे कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये रात्र, तिकडे कऱ्हाडला रविवारची सकाळ, तिची पूजा नुकतीच आटोपलेली. ती बोलायची आणि मी हाताला लागेल त्या कागदावर लिहून घ्यायचे. विजेच्या बिलाच्या पाकिटावर, मुलीच्या शाळेच्या पत्रकामागे. आई गेल्यावर ते कागद एका खोक्यात सापडले. वर्षभर रोज थोडे थोडे करत मी ते संगणकावर उतरवले. अकराशेच्या वर टिपणं झाली.

त्यासाठी मी ऑब्सिडियन वापरते. २०२० साली आलेलं हे सॉफ्टवेअर. प्रत्येक टिपण म्हणजे साध्या मजकुराची एक फाइल, आपल्याच संगणकावर राहणारी. एका टिपणात दुसऱ्या टिपणाचं नाव दुहेरी चौकोनी कंसात लिहिलं की दोघांची गाठ पडते. पुरणपोळीच्या टिपणात ‘थोरली काकू’ असं कंसात लिहा. मग काकूच्या पानावर गेलात तरी पुरणपोळीची वाट दिसते. सगळ्या टिपणांचा नकाशाही पाहता येतो. टिपण म्हणजे ठिपका, गाठ म्हणजे रेघ. माझ्या नकाशाच्या कडेला तीनशेएक ठिपके असे होते की त्यांना एकही रेघ नव्हती. इंग्रजीत त्यांना ऑर्फन म्हणतात. मी पोरकी टिपणं म्हणते.

पोरक्या टिपणाचं काय होतं, हे निकलास लुहमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाने संगणकाशिवायच ओळखलं होतं. त्याच्या लाकडी खणांत सुमारे ९० हजार चिठ्ठ्या होत्या, क्रमांक घालून एकमेकींशी जोडलेल्या. जी चिठ्ठी या जाळ्यात नाही ती खणात असूनही हरवते, असं त्याने १९८१ च्या एका लेखात मांडलं आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृत कोशासाठी चिठ्ठ्या करायला सुरुवात झाली, त्यांची संख्या कोटीच्या घरात गेली. पण तिथे चिठ्ठी शब्दाच्या अकारविल्हे लागते, त्यामुळे तिची जागा ठरलेली असते. घरच्या टिपणांना असा क्रम नसतो. त्यांना गाठीचाच आधार.

पोरकी टिपणं शोधण्यामागची युक्ती सोपी आहे. लग्नानंतर आमंत्रणाची यादी आणि आहेराची वही समोरासमोर ठेवून कोण आलं नाही ते आपण काढतो, तसंच सॉफ्टवेअर करतं. एक यादी सगळ्या टिपणांच्या नावांची, दुसरी कुठे ना कुठे कंसात आलेल्या नावांची. पहिलीतून दुसरी वजा केली की उरतात ती टिपणं, ज्यांच्याकडे कुणीच बोट दाखवलेलं नाही. ज्यांच्यातून बाहेरही गाठ जात नाही, ती पूर्ण पोरकी. ऑब्सिडियनच्या नकाशात ही टिपणं दाखवायची की लपवायची याचं एक बटण असतं. बरेच जण ती लपवतात, म्हणजे नकाशा नीट दिसतो. मला ते पटत नाही. शिवाय सॉफ्टवेअर आणखी एक मदत करतं. एखाद्या टिपणाचं नाव दुसरीकडे कंसाशिवाय आलं असेल, तर ती जागा दाखवून ‘इथे गाठ मारू का’ असं विचारतं.

मराठीत मात्र ही मदत अपुरी पडते. सॉफ्टवेअर नाव जसंच्या तसं शोधतं आणि आपली नावं वाक्यात जशीच्या तशी राहत नाहीत. सातारा हा साताऱ्याला होतो, कोयना ही कोयनेची होते, शेंगोळे शेंगोळ्यांना होतात. कऱ्हाडची गंमत वेगळी. त्यातला ‘ऱ्ह’ संगणकात एकाहून अधिक प्रकारांनी टंकता येतो. डोळ्यांना अक्षर तेच दिसतं, यंत्राला मात्र शब्द निराळे वाटतात. माझं गाव माझ्याच टिपणांत दोन ठिकाणी राहत होतं. उपाय असा की प्रत्येक टिपणाच्या माथ्यावर त्याची टोपणनावं लिहायची सोय असते, तिथे मी ‘साताऱ्याच्या, साताऱ्यात, साताऱ्याला’ अशी रूपं भरत गेले. दोन महिने लागले. तीनशेतली निम्मी टिपणं अशीच घरी परतली.

उरलेली मी रोज रात्री पाच याप्रमाणे वाचायला घेतली. त्यांत एक होतं, ‘आईचा फोन, चपला’. मजकूर चार ओळींचा. कोयनेच्या वेळी पहाटे जमीन हलली, कंदिलाची काच जमिनीवर फुटली, अनवाणी धावताना आईचा पाय कापला. पुढे अंगणात झोपत होते तेव्हा, आणि घरात परतल्यावरही, आजी प्रत्येकाच्या उशाशी चपला ठेवायची. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप तो. आईने भूकंप हा शब्दच वापरला नव्हता, त्यामुळे मी कितीही वेळा ‘भूकंप’ शोधलं असतं तरी हे हाती लागलं नसतं. शोधायला शब्द आठवावा लागतो. पोरक्यांची यादी काही न आठवताही समोर येते.

आणि माझ्याकडे आणखी एक पोरकं टिपण होतं, ‘भूकंपाची पिशवी’. सनीव्हेलच्या पश्चिमेला डोंगरात सॅन अँड्रियास भ्रंश आहे, पूर्वेला खाडीपलीकडे हेवर्ड. १७ ऑक्टोबर १९८९ चा ६.९ तीव्रतेचा लोमा प्रिएटा भूकंप इथले जुने शेजारी अजून सांगतात. त्या टिपणात पाणी, विजेरी, औषधं यांच्याखाली इथल्या तज्ज्ञांची सूचना मी उतरवून ठेवली होती. खिडक्यांच्या काचा फुटतात, म्हणून पलंगाशेजारी बूट ठेवा.

मी दोन्ही टिपणांत गाठ मारली आणि मुलीला हाक मारून त्या चार ओळी वाचून दाखवल्या. तिने तिच्या आजीला, म्हणजे माझ्या आईला, फोनवरच जास्त ओळखलेलं. तिने काही न बोलता दारातले आपले बूट उचलले आणि खोलीत नेले.

आता एकोणीस टिपणं उरली आहेत. त्यांतल्या एकात माझ्या अक्षरात एवढंच होतं, ‘विहिरीवरची तिसरी बाई, तिला विसरू नको.’ कोण ती, मला काही केल्या आठवत नाही. मावशी अजून कऱ्हाडला आहे. या शनिवारी रात्री तिला फोन लावणार आहे.