पिमा समाजातील मधुमेह : आनुवंशिकता आणि परिस्थिती

अनेक देशांत वांशिक अल्पसंख्याक समाजांमध्ये मधुमेहाचे प्रमाण बहुसंख्याकांहून अधिक आढळते. या आधिक्याचे कारण आनुवंशिकतेत शोधावयाचे की परिस्थितीत, हा केवळ वैद्यकशास्त्राचा प्रश्न नाही; सार्वजनिक निधी कोठे खर्च करावयाचा, हे त्याच्या उत्तरावर ठरते. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील पिमा या मूलनिवासी समाजाचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे.

हिला नदीचे पाणी कालव्यांनी शेतात आणून मका, घेवडा व भोपळा पिकविणारा हा समाज. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नदीच्या वरच्या भागात वसलेल्या गोऱ्या शेतकऱ्यांनी पाणी वळविले आणि पिमांची शेती उद्ध्वस्त झाली. कष्टाची कामे गेली, आहार बदलला. पुढे सरकारी शिध्यातून मैदा, साखर व चरबी घरोघरी पोहोचली. १९६५ पासून सुरू झालेल्या दीर्घकालीन अभ्यासात येथील मधुमेहाचे प्रमाण जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी एक असल्याचे दिसून आले. जेम्स नील यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या 'काटकसरी जनुका'च्या सिद्धान्ताचा आधार घेऊन त्याचे स्पष्टीकरण दिले जाऊ लागले : दुष्काळात तगून राहण्यास उपयुक्त ठरलेली चरबी साठविण्याची क्षमता सुबत्तेत घातक ठरते.

मात्र त्याच वंशाचे काही पिमा मेक्सिकोच्या डोंगराळ भागात अंगमेहनतीची शेती करून राहतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेनुसार त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण ६.९ टक्के, तर ॲरिझोनातील पिमांमध्ये ३८ टक्के होते. आनुवंशिक प्रवणता यामुळे खोटी ठरत नाही. पण वंश समान असताना साडेपाचपट अंतर पडते, तेव्हा केवळ रक्ताला दोष देणे ही धोरणकर्त्यांची सोयीची पळवाट ठरते.

१९९७ च्या कायद्याने अमेरिकेतील सर्व मूलनिवासी समाजांसाठी विशेष मधुमेह कार्यक्रम सुरू झाला. त्यात चमत्कारिक असे काहीच नव्हते. रुग्णांची नोंद, लघवीची नियमित तपासणी, रक्तदाबावर नियंत्रण, आहाराचा सल्ला आणि घरापर्यंत पोहोचणारे कर्मचारी, एवढाच त्याचा पाया. मूत्रपिंडांचे रक्षण करणाऱ्या औषधांचा वापर पाच वर्षांत ४२ टक्क्यांवरून ७४ टक्क्यांवर गेला. १९९६ ते २०१३ या काळात मधुमेहजन्य मूत्रपिंड निकामी होण्याचे मूलनिवासी प्रौढांतील प्रमाण ५४ टक्क्यांनी घटले. अन्य कोणत्याही वांशिक गटात इतकी घट झाली नाही. अशा एका रुग्णावर २०१३ मध्ये शासकीय विमा योजनेचे सुमारे ८२ हजार डॉलर खर्च होत होते, हे लक्षात घेता प्रतिबंधाचे अर्थशास्त्र वेगळे सांगावयास नको. तरीही या कार्यक्रमाचा वार्षिक निधी २००४ पासून जवळजवळ दोन दशके १५ कोटी डॉलरवरच थांबला होता आणि त्याची मुदत दर वेळी अल्पकाळासाठीच वाढविली जात होती.

२००४ सालीच आणखी एका कायद्याने हिला नदीकाठच्या या समाजाचा पाण्यावरील हक्क मान्य झाला आणि त्याच्या जमिनींसाठी पुन्हा कालव्यांची कामे हाती घेण्यात आली.