स्कॅनची पाने जोडणे आणि वाचणे

बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांची दाटी आहे. मालासोबत चलन, तपासणी अहवाल, कच्च्या मालाचे प्रमाणपत्र असे कागद जातात. स्कॅन केल्यावर अनेकदा प्रत्येक पानाचे वेगळे चित्र तयार होते. पाठवायला मात्र एकच पीडीएफ (पाने क्रमाने, जशीच्या तशी दाखवणारी फाइल) सोयीची पडते.

अशी फाइल झाली की प्रमाणपत्रावरचा हीट नंबर (धातूच्या एका वितळणीचा क्रमांक) टाइप करून शोधता येईल, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसे होत नाही. जोडलेली पीडीएफ फोटोंच्या अल्बमसारखी असते: पाने एकत्र येतात, अक्षरे चित्रातच राहतात. शोधासाठी ओसीआर (चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर तयार करणे) ही वेगळी पायरी लागते.

दोन्ही कामे मोफत सॉफ्टवेअरने होतात. ‘आयएमजी-टू-पीडीएफ’ जेपीजी चित्रे पुन्हा संकुचित न करता फाइलमध्ये बसवते, त्यामुळे दर्जा घटत नाही. ‘ओसीआर-माय-पीडीएफ’ चित्राला अदृश्य मजकुराचा थर जोडते. त्यामागचे अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर ‘टेसरॅक्ट’ कन्नड आणि मराठीही वाचते. त्या भाषेची फाइल तेवढी बसवावी लागते.

चित्रांना १, २, १० अशी नावे दिल्यास जोडताना १० हे २ च्या आधी लागू शकते. म्हणून ०१, ०२ असे लिहावे. स्कॅन ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) घ्यावे. तरीही ओसीआर आठाच्या जागी इंग्रजी ‘बी’ वाचू शकते, तेव्हा महत्त्वाचे क्रमांक मूळ पानाशी ताडून पाहावेत.